तेरावा महिना कोणाचा?

विपत्तीचे वर्णन करताना मराठी भाषेने कधी हात आखडता घेतलेला नाही. आगीतून निघून फुफाट्यात पडावे, दुःखावर डागण्या मिळाव्यात, आणि अखेर आभाळच फाटले म्हणजे ठिगळ कोठे कोठे लावावे असा प्रश्न पडावा, अशा नाना तऱ्हांनी आपल्या पूर्वजांनी संकटावर संकट कोसळण्याचा अनुभव शब्दांत धरून ठेवला आहे. परंतु या सर्वांत ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीची योग्यता मला निराळी वाटते. कारण इतर वाक्प्रचार यातनेचे चित्र उभे करून थांबतात, आणि ही म्हण ती यातना किती काळ सोसावयाची याचा आकडा सांगते. विलायतेत पाऊस उदंड, तेथील लोकांनी संकटाला मुसळधार सरींची उपमा दिली आणि डॉक्टर जॉन आर्बथनॉट यांच्या १७२६ मधील लेखनापासून ती म्हण इंग्रजीत छापील रूपाने वावरते आहे. आमच्या देशावर, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, पाऊस न येणे हेच मूळ अरिष्ट असल्यामुळे आमची म्हण कोरड्या आभाळापासून सुरू होते आणि पंचांगाच्या पानावर येऊन संपते.

ही म्हण आज कोणीही कशासाठीही वापरतो, याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणींचे तसेच असते. तक्रार आहे ती निराळीच. विधिमंडळात, पत्रकार परिषदेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीबाहेर, जेव्हा कोणी जबाबदार मनुष्य ‘आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना’ असे म्हणून सुस्कारा टाकतो, तेव्हा त्या सुस्काऱ्यात दुसरे संकटही पहिल्यासारखेच दैवाने धाडले, त्यावर कोणाचा इलाज चालत नव्हता, असा अर्थ गृहीत धरलेला असतो. म्हणीचा मूळ आशय याच्या अगदी उलट आहे असे माझे मत आहे, आणि ते मत का बनले हे विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

तेरावा महिना म्हणजे अधिक मास, ज्याला शास्त्रकार मलमास म्हणतात, भाविक पुरुषोत्तम मास म्हणतात आणि खेडोपाडी ज्याला धोंड्याचा महिना म्हणतात. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस भरतात सुमारे ३५४ आणि सूर्याचे वर्ष आहे सुमारे ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची ही तूट तशीच चालू दिली तर पाडवा हळूहळू पावसाळ्यात आणि दिवाळी उन्हाळ्यात जाऊन पडेल, म्हणून सुमारे साडेबत्तीस महिने लोटले की एक महिना जास्त धरून चंद्राचा हिशेब सूर्याच्या हिशेबाशी जुळवून घेतात. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. कोणता महिना अधिक धरावयाचा याचाही नियम ठरलेला आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत होत नाही तो अधिक, आणि त्याच्या पाठीमागून त्याच नावाचा जो येतो तो निज. यात लहर नाही, दैव नाही, ग्रहांचा कोप नाही. दाते पंचांग उघडून पाहणारा मनुष्य पुढचा अधिक मास केव्हा हे सांगू शकतो, आणि गणित करणारा पुढच्या शंभर वर्षांतले सांगू शकतो.

याच गणिताचे एक उपांग असे आहे की, ज्याकडे म्हणीचा विचार करणाऱ्यांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. पृथ्वी जुलैच्या आरंभी सूर्यापासून सर्वांत दूर असते, त्या सुमारास सूर्याची आकाशातील गती मंद भासते, आणि त्यामुळे मिथुनेसारखी रास ओलांडावयास त्याला साडेएकतीस दिवस लागतात; उलट थंडीत धनू रास तो साडेएकोणतीस दिवसांच्या आत ओलांडून जातो. संक्रांत चुकण्याची संधी अर्थातच लांब राशींच्या काळात अधिक. म्हणून अधिक मास बहुधा चैत्रापासून आश्विनापर्यंतच्या महिन्यांतच पडतो. मार्गशीर्ष-पौषात तो पडत नाही म्हटले तरी चालेल. आता शेतकऱ्याच्या घरातील धान्याचा क्रम डोळ्यांपुढे आणावा. देशावरची मुख्य ज्वारी रब्बीची, ती माघ-फाल्गुनात खळ्यावर येते, बाजरी भाद्रपद-आश्विनात. चैत्र-वैशाखात कणगी भरलेली असते, ज्येष्ठात बियाण्याचे काढून ठेवावे लागते, आषाढ-श्रावणात तळ दिसू लागतो. याच उतरत्या काळात, तळ दिसण्याच्या ऐन मोसमात, पंचांग एक महिना आणून मध्ये घालते. पिकांची निपज नित्याप्रमाणे झालेल्या वर्षीही या महिन्याला गृहिणी मनातून वचकत असेल; मग ज्या वर्षी मृगाने दगा दिला त्या वर्षाची कथा काय वर्णावी!

ज्यांनी पेव पाहिलेले नाही त्यांना हा वचक समजणे कठीण आहे. मुरमाड जागेत बाटलीच्या आकाराचा खोल खड्डा खणावयाचा, आतून शेणामातीने सारवावयाचा, भोवताली कडब्याचा आणि भुसाचा थर द्यावयाचा, धान्य ओतून वर शिळा बसवून माती लोटून टाकावयाची, आणि मग गरज पडेपर्यंत त्या जागेकडे पाहावयाचे नाही. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. कोंडलेल्या विषारी वायूने माणूस गुदमरून मरतो, म्हणून तोंड काही काळ मोकळे ठेवून, दिवा आत सोडून, तो विझत नाही अशी खात्री करून घेऊनच मनुष्य खाली उतरतो. कडेचे धान्य काळपट पडलेले, मधले चांगले. ते वर काढून पायलीने मोजले जाते, आणि चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण या मापाने किती महिने निभाव लागेल हे त्या क्षणीच घरातल्या कर्त्या बाईला उमगते. तिचा हिशेब दिवसांचा नसतो, महिन्यांचा असतो. आणि महिने तेरा आहेत हे तिला पाडव्याच्या दिवशी पंचांगश्रवणातच कळलेले असते.

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. चिकित्सक वाचक म्हणेल की, एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंतचे अंतर सूर्यावर अवलंबून असल्यामुळे ते अधिक मासाने एका दिवसानेही वाढत नाही. मग टंचाई वाढली कशी? आक्षेप खरा आहे. शेतकऱ्याचे पावसाचे पंचांग मुळातच सौर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस निघणारा मृग, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि रब्बीची आशा ज्यावर असते तो हत्तीचा पाऊस, ही सूर्याची नक्षत्रे तेराचौदा दिवसांच्या टप्प्याने इंग्रजी तारखांना धरून येतात आणि जातात. त्यांत अधिक नक्षत्र कधीच येत नाही. आभाळाला तेरावा महिना ठाऊक नाही. यावनी अमलात महसुलासाठी फसली साल आणि मृगसाल प्रचारात आले तेही याच कारणाने, की निव्वळ चांद्र सनावर पिकांचा वसूल बसवता येत नाही.

मग तेरावा महिना आला कोठून? तो वहीतून आला. सावकाराचे व्याज दरमहा दरशेकडा ठरलेले, आणि तिथीने महिना मोजला की त्या साली व्याजाचे महिने तेरा. सालगड्याचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरलेले, म्हणजे ज्या साली अधिक मास त्या साली त्याच मजुरीत ३५४ दिवसांच्या ठिकाणी ३८४ दिवस राबणे आले. त्यातच जावयाला धोंडे जेवायला बोलवावयाचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे दिव्यासह द्यावयाचे, लेकीला लुगडे करावयाचे. असा तो महिना धान्यात नव्हे, देण्यात वाढतो. मला या म्हणीचे मर्म येथेच सापडते: पहिले संकट आकाशातून येते, परंतु दुसरे माणसांनी घालून दिलेल्या हिशेबातून येते, आणि हे दुसरे संकट पहिल्यासारखे अकल्पित नसते. त्याची तारीख आगाऊ छापलेली असते.

आपल्या समाजाने ती तारीख वाचली होती आणि तिची तजवीजही केली होती, असे मला अधिक मासाच्या आचारांकडे पाहताना वाटत आले आहे. या महिन्यात लग्नमुंजी नाहीत, वास्तुशांत नाही. म्हणजे खेड्यातील कुटुंबाला कर्जात लोटणारा सर्वांत मोठा खर्च शास्त्रानेच पुढे ढकलला. या महिन्यात एकभुक्त राहावे, नक्त करावे, असे व्रत सांगितले. म्हणजे कणगीचा तळ दिसत असताना एक वेळच्या उपवासाला पुण्याची प्रतिष्ठा दिली, जेणेकरून ज्याच्या घरी नाही त्याला उपवासाची लाज वाटू नये. आणि या महिन्यात दान करावे, तेही मुख्यतः अन्नाचे, असा दंडक घालून दिला. म्हणजे ज्याच्या पेवात आहे त्याच्याकडून ज्याच्या चुलीत नाही त्याच्याकडे थोडे तरी धान्य जावे. व्रत सांगणाऱ्यांच्या मनात हाच हेतू होता असा माझा आग्रह नाही, आणि जावयाच्या अनारशांनी या व्यवस्थेला पुढे जे वळण दिले त्याचे समर्थनही मी करणार नाही; परंतु व्यवस्थेचा परिणाम काय झाला असेल हे कोणीही ताडून पाहावे.

अधिक मास आणि अवर्षण यांचा काही कार्यकारणसंबंध आहे काय, हा प्रश्न गावोगावी अद्याप विचारला जातो आणि त्याची थट्टा करणे मला योग्य वाटत नाही, कारण अनुभवाने तो प्रश्न लोकांपुढे पुन्हा पुन्हा आणून ठेवला आहे. १९७२ साली, ज्या सालच्या दुष्काळाची आठवण काढताच आजही जुनी माणसे गप्प होतात, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत अधिक वैशाख होता. २०१२ साली जालना, बीड, उस्मानाबाद होरपळत असताना अधिक भाद्रपद होता. २०१५ साली अधिक आषाढ, आणि पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. २०१८ साली अधिक ज्येष्ठ, आणि ऑक्टोबरअखेर राज्यातील १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०२३ साली अधिक श्रावण. ही मालिका वाचून कोणाच्याही मनात पाल चुकचुकेल. तथापि मालिकेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे: २०१० आणि २०२० या दोन्ही साली अधिक मास असून पाऊस चांगला झाला, आणि २००९ तसेच २०१४ या दोन्ही साली अधिक मास नसताना पावसाने दगा दिला. एकोणीसांतून सात वर्षी जो महिना येतो तो वाईट वर्षांपैकी कित्येकांत सापडणारच. महिन्याचा दोष नाही. महिना फक्त आपल्या दारिद्र्यावर नेमके बोट ठेवतो.

ज्या दुसऱ्या संकटाविषयी मी बोलतो आहे त्याला आपल्या दप्तरांत एक जुने नाव आहे. मराठेशाहीच्या महसुली कागदांत अस्मानी आणि सुलतानी असा जोडशब्द येतो. अस्मानी म्हणजे पाऊस, गारपीट, टोळ, आणि सुलतानी म्हणजे फौजेची धामधूम, लूट, जुलमी वसूल. रयतेचे नुकसान या दोन्ही वाटांनी होते आणि दोन्हींचा विचार करून वसुलात सूट द्यावयाची, हे तत्त्व त्या काळच्या कारभाऱ्यांना मान्य होते. दुष्काळात तेरावा महिना ही त्याच जोडशब्दाची घरगुती आवृत्ती आहे असे मी मानतो. १६३० च्या दुष्काळाचेच पाहा. पाऊस गेला हे अस्मानी. पण त्याच सुमारास शहाजहानाच्या फौजा दक्षिणेच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात येऊन बसल्या होत्या, आणि पुण्याची कसबा वस्ती आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने जाळून तिच्यावर गाढवांचा नांगर फिरविला होता. तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा याच दुष्काळात गेले. १८०३ मध्ये होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या घोड्यांनी पुणे-अहमदनगरची उभी पिके तुडविली आणि त्या पाठोपाठ पाऊसही गेला. तेथे क्रम उलटा झाला एवढेच.

इंग्रजी अमलाखाली सुलतानीचे स्वरूप बदलले, ती टापांऐवजी टाकाने चालू लागली. १८७६ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर आणून ठेवले, तेव्हा खडी फोडणाऱ्या भुकेल्या माणसांनी कामे सोडली, आणि गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या सार्वजनिक सभेने तालुक्या-तालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारला कळविली. त्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळाचे कायदे लिहिले गेले, आणि १८९६ मध्ये पुन्हा पाऊस गेला तेव्हा टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना हे कायदे समजावून सांगितले, की ही भिक्षा नव्हे, तुमचा हक्क आहे. पण त्या साली तेरावा महिना निराळ्याच रूपाने आला. सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याला प्लेगचा रोगी आढळला. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून निघाली, आणि ज्या घाटावरच्या व कोकणातल्या गावांत दाणा नव्हता त्याच गावांत ती माणसे रोग आणि भूक दोन्ही घेऊन परतली. त्यावर पुण्यात रँडसाहेबाच्या अमलातली घरझडती. भूक, मरी आणि जुलूम या तिघांतली पहिली दोन मनुष्याच्या आवाक्याबाहेरची होती असे क्षणभर मानू. तिसरे तर लेखी हुकमाने चालत होते.

एका संकटातून दुसरे कसे जन्मते, हे पाहावयाचे असेल तर दुष्काळी सालचा गुरांचा बाजार पाहावा. दिवाळीनंतर कडब्याच्या पेंढीचा भाव चढू लागतो. पौषात शेतकरी बैलांच्या वैरणीत काटकसर करतो. माघात बैलांच्या बरगड्या मोजता येतात. मग एके दिवशी तो जोडी सोडून बाजाराची वाट धरतो. तेथे त्याच्यासारखेच शेकडो विकणारे आणि घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उपरण्याखाली हात घालून बोटे दाबण्याची जुनी रीत. दलाल बोटे दाबतो, आणि विकणारा हात मागे घेत नाही, कारण बैल परत नेले तर त्यांना घालावयाचे काय? जी जोडी त्याने कर्ज काढून घेतली होती ती निम्म्या किमतीला जाते. पुढच्या मृगाला समजा पाऊस आला, चांगला आला. आता शेजाऱ्यांनाही बैल हवे असतात, आणि त्याच जोडीला दुपटीने भाव. जो घेऊ शकत नाही तो वाफसा साधून पेरू शकत नाही. पेरणी लांबली की पीक हलके. पीक हलके की सोसायटीचे कर्ज थकले. थकबाकीदाराला नवे पीककर्ज नाही. म्हणून खाजगी सावकार. पावसाचा दुष्काळ एका वर्षाचा होता, बैलाचा दुष्काळ तीन वर्षांचा, आणि कर्जाचा एका पिढीचा. या साखळीत फक्त पहिली कडी आकाशाने घडविलेली आहे. आज बैलांच्या जागी ट्रॅक्टरचे भाडे आले असेल, पण दुभत्या गाईंच्या बाबतीत, फळबागांच्या बाबतीत, बोअरसाठी काढलेल्या कर्जाच्या बाबतीत, हीच साखळी हुबेहूब चालते.

साखळी मध्येच तोडता येते, याचा पुरावाही आपल्याच राज्याने दिलेला आहे. १९७० पासून ओळीने तीन वर्षे पाऊस अपुरा झाला आणि १९७२ मध्ये तर तो बहुतेक गेलाच. तरीही वसंतराव नाईक यांच्या सरकारने गावोगावी कामे काढली. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, खडी. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. मजुरी तुटपुंजी होती, अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो लोकांच्या घशाखाली उतरत नव्हता, मुलांना सुकडी मिळे; त्या दिवसांच्या हालांना सुंदर म्हणण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण उपासमारीने गावे ओस पडली नाहीत. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात या प्रयत्नाची दखल एक यशस्वी उदाहरण म्हणून घेतली आहे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम हा हक्क एकदा लिहून ठेवला की दुष्काळ आला तरी त्याच्या पाठीवर दुसरे ओझे चढत नाही. पागे यांच्याविषयी महाराष्ट्राने जितकी कृतज्ञता बाळगावयास हवी तितकी बाळगलेली नाही, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

आता २०२३ ची हकीकत ध्यानात घ्यावी. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण. तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन, मका, बाजरी फुलोऱ्यातच माना टाकू लागली. अधिक मास संपून तीन दिवस होतात न होतात तोच, १९ ऑगस्टला, कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले आणि लासलगावापासून नाशिक जिल्ह्यातील लिलाव काही दिवस बंद पडले. ३१ ऑक्टोबरला राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, म्हणजे पीक वाळून दोन महिने लोटल्यानंतर. नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात निफाडकडे अवकाळी पाऊस आणि गारा. द्राक्षांचे घड मण्यांसकट फुटले, शेतातला कांदा पाण्यात बसला. आणि ८ डिसेंबरला कांद्याची निर्यात पुरती बंद. शहरातील गृहिणीला स्वस्त कांदा मिळावा ही इच्छा गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याच्या शेतावर ऑगस्टात ऊन आणि नोव्हेंबरात गारा पडल्या त्याच्याच खिशातून ती स्वस्ताई वसूल करण्याचा अधिकार कोणाला होता? त्या सालच्या पाच आघातांपैकी तीन आकाशाने केले नव्हते.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे की, जे आगाऊ ठाऊक आहे त्याची तजवीज आगाऊ व्हावी. पिकाची पैसेवारी आजही नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा पायऱ्यांनी चढत डिसेंबरअखेरीपर्यंत जाते, आणि पन्नास पैशांच्या आतबाहेर या रेषेकडे गावाचे डोळे लागलेले असतात; खरिपाची राख ऑगस्टात झालेली असेल तर तलाठ्याने आणि मंडळ अधिकाऱ्याने तो पंचनामा सप्टेंबरात पुरा का करू नये? सारा तहकूब करणे, कर्जाच्या हप्त्यांचे पुनर्गठन, परीक्षाशुल्काची माफी या सवलती दुष्काळ जाहीर झाल्यावर लागू होतात, हे ठीक. पण बँकेची वसुलीची नोटीस त्या जाहीर होण्याची वाट पाहत नाही, तेव्हा नोटिशीला स्थगिती पावसाच्या खंडाशीच जोडली पाहिजे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचा हुकूम येण्याची वाट न पाहता सरकारी कोठारे उघडली अशी कथा आहे, आणि त्या अंमलदाराचे नाव लोकांनी संतांच्या पंगतीला बसविले. आजच्या अंमलदाराला एवढे धाडस करण्याची गरज पडू नये, त्याला तसा लेखी अधिकारच असावा. शके १९४८ मध्ये, म्हणजे २०२६ साली, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. पाण्याच्या टँकरची मागणी जेव्हा शिगेला पोहोचते नेमका तोच काळ. आणि वैरणीचे तर गणित त्याहूनही सरळ आहे: छावणीचा प्रस्ताव फेब्रुवारी-मार्चात मंजूर होतो, परंतु चाऱ्याची ज्वारी आणि मका पेरावयाची तर ती परतीच्या पावसाच्या ओलीवर, आणि त्यासाठी ऑक्टोबरातच बियाणे हातात असावे लागते.